चाकांवरून बर्फावर: खानदेशात आइस हॉकीचा गट कसा उभा करायचा

भारताच्या आइस हॉकी संघात जायचं तर लडाखातच जन्माला यावं लागतं, असं लोक म्हणतात. ते अगदीच खोटं नाही. पुरुषांच्या किंवा महिलांच्या राष्ट्रीय संघाची यादी काढून बघा, बहुतेक नावं लेह-कारगिलकडची आणि थोडी हिमाचलातल्या स्पितीची असतात. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी तळी गोठतात आणि पोरं शाळा सुटली की त्या तळ्यावरच असतात. पण उरलेले नऊ-दहा महिने लडाखच्या खेळाडूलाही बर्फ मिळत नाही. तेवढे दिवस त्याला चाकांवर आणि जमिनीवर काढावे लागतात, आणि चाकं व जमीन जळगाव, धुळे, नंदुरबारलाही आहेतच.

पुढचं सगळं आठ ते सोळा वयाच्या पंधरा-वीस पोरापोरींचा गट उभा करू पाहणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. गटाला इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका रांगेत चार चाकं असलेल्या बुटांवर, हॉकी शिकवायची, दोन वर्षांत बर्फावर उभं राहील इतकं तयार करायचं, एवढंच ध्येय ठेवा.

आधी अपेक्षा जागेवर आणा

पालक पहिल्याच बैठकीत विचारतात, "सर, इंडियाला कधी खेळेल?" उत्तर देण्यापूर्वी भारतीय संघाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ १९०८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. भारत त्याचा सदस्य झाला १९८९ मध्ये, आणि पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला २००९ मध्ये, अबू धाबीच्या आशिया चॅलेंज कपला. मधली वीस वर्षं कागदावर सदस्यत्व होतं, मैदानावर संघ नव्हता. देशात पक्की, छताखालची रिंक, म्हणजे बर्फाचं मैदानच नव्हतं, हे त्याचं मोठं कारण. ती झाली देहरादूनला, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी. २०१२ चा आशिया चॅलेंज कप तिथेच भरला. पुढे रिंक चालवण्याचा खर्च झेपेना, म्हणून ती बरीच वर्षं बंद राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

महिलांचा आलेख जास्त शिकवणारा आहे. २०१६ मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, सगळे सामने हरले. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय. आणि २०२५ च्या मे-जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला महिला आशिया कपमध्ये कांस्यपदक. पहिल्या सामन्यापासून पदकापर्यंत नऊ वर्षं लागली, तीही दरवर्षी दोन-अडीच महिने बर्फ मिळणाऱ्या मुलींना. तुमच्या गटातल्या मुलींना हा हिशेब जरूर सांगा. मुलांच्या संघातली स्पर्धा दाट आहे, कारण तिथे लष्कर आणि आयटीबीपी या सीमा पोलीस दलाचे खेळाडू वर्षानुवर्षं बर्फावर आहेत. मुलींमध्ये दार थोडं जास्त उघडं आहे.

निकालांचा एक तक्ता भिंतीवर लावा आणि तो वाचायला शिकवा. नेमून दिलेल्या ६० मिनिटांत जिंकलं तर ३ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलं तर २, तिथे हरलं तर १, सरळ हरलं तर ०. म्हणून आइस हॉकीच्या तक्त्यात नुसते विजय-पराभव मोजून चालत नाही. गोलफरकही बघायला सांगा. २०१६ ते २०२५ मधली खरी प्रगती आधी गोलफरकात दिसते, पदक नंतर.

जागा: सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आधी

आइस हॉकीची रिंक ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद असते. इनलाइनला ४० बाय २० पुरतं. तेही मिळत नसेल तर बास्केटबॉलचं मैदान घ्या. २८ बाय १५ मीटरमध्ये तीन विरुद्ध तीन आणि एकेक गोली (गोलरक्षक) असा खेळ छान होतो. व्हॉलीबॉलचं मैदान लहान पडतं, पोरं वेग घेण्याआधीच कडेला पोचतात. हल्ली गावोगावी झालेलं बॉक्स क्रिकेटचं मैदान कामाचं नाही, हिरव्या गालिच्यात चाकं रुततात. मंगल कार्यालयाची गुळगुळीत फरशीही नको. चाक घसरतं, फरशी फुटते आणि मालकाशी भांडण होतं ते वेगळंच.

खानदेशातली सगळ्यात चांगली जागा कोणाच्या सहसा डोक्यात येत नाही, ती म्हणजे जिनिंगचं गोदाम. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात ओसरतो. त्यानंतर पावसाळाभर कित्येक गोदामं रिकामी असतात. ट्रायमिक्स काँक्रीटची सपाट जमीन, उंच छत, सावली आणि वर पाऊस लागत नाही. मालकाची लेखी परवानगी घ्या, दिवस-वेळ ठरवून घ्या, आणि तिथे काडीपेटी-उदबत्तीसुद्धा पेटवू नका. सराव सुरू करण्यापूर्वी सरकी आणि रुईचा कण न कण झाडून काढा. रुईचे धागे चाकाच्या अॅक्सलभोवती गुंडाळले जातात, बेअरिंगमध्ये शिरतात आणि चाक चालता चालता जाम होतं. वेगात असताना पुढचं चाक जाम झालं की पोर तोंडावर पडतं.

जमिनीतल्या सांध्यांकडे बघा. ट्रायमिक्सला ठरावीक अंतरावर चिरा पाडलेल्या असतात. चाकाची रुंदी २४ मिलिमीटरच्या आसपास असल्याने ५-६ मिलिमीटरच्या चिरेत चाक अडकत नाही, पण पक, म्हणजे हॉकीची चपटी चकती, मात्र तिथे उडतो किंवा कलंडतो. चिरा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरून वरून पत्तीने सपाट करा.

नवीन स्लॅब टाकायची ऐपत आणि जागा असेल तर काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकू नका. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि दुसऱ्या वर्षी स्लॅबला हात घालता येतील अशा भेगा पडतात. माती काढून दीड-दोन फूट मुरूम थराथराने दाबा, मग पीसीसी (सळ्यांविना साधं काँक्रीट), मग वरचं काँक्रीट. यासाठी ओळखीच्या मिस्त्रीपेक्षा इंजिनिअरला विचारा.

वेळेचं गणित ऋतूप्रमाणे. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत उघड्यावर सराव सकाळी पावणेसहा ते सव्वासात एवढाच. संध्याकाळी हवा गार वाटते तरी काँक्रीट रात्री नऊपर्यंत तापलेलं असतं. त्यावर पडलेल्या पोराची कातडी सोलते आणि मऊ चाकं लवकर झिजतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अजिबात उतरायचं नाही. इनलाइनचं चाक ओल्या काँक्रीटवर साबणासारखं निसटतं.

कोणीतरी हमखास सुचवतं की जळगावात एवढी केळी पिकवण्याची शीतगृहं आहेत, मग बर्फाची रिंकच का करू नये. केळीला १३-१४ अंश पुरतात. रिंकच्या बर्फाचा पृष्ठभाग उणे ५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, तोही हॉलएवढ्या उघड्या जागेत, चोवीस तास. देहरादूनचं उदाहरण वर दिलंच आहे.

गोल आणि कडा गावातच बनवा

जळगावसारख्या पाईपच्या गावात गोल विकत आणायची गरज नाही. गोलचं आतलं माप १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. स्पर्धेचा गोल करायचा असेल तर दोन इंची जीआय पाईप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर येतो. सरावासाठी शेतीचा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप चालतो. ६ मीटरच्या दोन नळ्यांत एक गोल बसतो. पहिल्या नळीतून १.८३ चे दोन, १.२२ चा एक आणि १.०५ चा एक तुकडा. दुसरीतून १.२२ चा एक, १.०५ चा एक आणि तिरक्या आधारासाठी १.६१ चे दोन. १.८३ चा एक तुकडा वरच्या आडव्या दांड्याला, दुसरा मागच्या तळाला, १.०५ चे दोन्ही तळाच्या बाजूंना. एल्बोमध्ये पाईप किती आत जातो त्यावर आतलं माप बदलतं, म्हणून आधी सगळं कोरडं जोडा, टेपने आतून मोजा, गरजेप्रमाणे छाटा आणि मगच सॉल्व्हंट लावा. तिरक्या आधाराची टोकं गरम करून चपटी करा आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट मारा. प्लंबरला हे दहा मिनिटांचं काम. मागच्या तळाच्या पाईपमध्ये वाळू भरा, म्हणजे गोल उलटणार नाही.

गोल जमिनीला बोल्टने घट्ट मात्र करू नका. वेगात आलेला खेळाडू खांबावर आदळला तर खांब सरकला पाहिजे, हाड नाही. खाली रबरी मॅटचे तुकडे घातले की पुरेसं धरून राहतो. पीव्हीसीचा गोल उन्हात ठेवला की वर्षभरात ठिसूळ होतो, सावलीत उभा करून ठेवा. जाळीला क्रिकेट सरावाची नायलॉनची जाळी चालते.

कडेला खऱ्या रिंकमध्ये मीटरभर उंचीचे बोर्ड असतात. ते परवडत नाहीत तोवर ११० मिलिमीटरचे पाईप आडवे टाका. २८ बाय १५ च्या मैदानाचा घेर ८६ मीटर, म्हणजे सहा मीटरचे १५ पाईप. रिकामा पाईप धक्का लागताच लोळतो. अर्धा वाळूने भरून दोन्ही टोकांना कॅप लावा, दोन माणसांना उचलता येतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. या ठेंगण्या कडेला अडखळून खेळाडू पलीकडे पडू शकतो, म्हणून पाईपच्या बाहेर दोन मीटर जागा मोकळी हवी, तिथे बाक, सायकली, पालक काही नको. आणि उंच बोर्ड होईपर्यंत पक वापरायचा नाही, फक्त चेंडू. आइस हॉकीचा पक १५६ ते १७० ग्रॅमचा कडक रबराचा असतो, तो उडून कोणाच्या कपाळाला लागला तर टाके पडतात. इनलाइनचा पक हलका असतो, खाली छोटे खुंट असतात, तरीही तोच धोका. ७० ग्रॅमच्या आसपासचा पीव्हीसीचा हॉकी चेंडू घ्या, गरम हवेसाठीचा नारिंगी. गुलाबी चेंडू थंड हवेसाठी असतो, तो आपल्याकडे मऊ पडून उसळतो.

साहित्य: कुठे हात सैल सोडायचा, कुठे नाही

खानदेशात कपडे आणि बूट वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. स्केट्सच्या बाबतीत ती सोडा. दोन नंबर मोठ्या स्केटमध्ये घोटा आत कलतो, पोर चाकाच्या आतल्या कडेवर चालायला शिकतं, आणि ती सवय पुढे दोन वर्षं जात नाही. टाचेला फोड येतात ते वेगळं. माप असं घ्या: पाय कागदावर ठेवून टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडा. हॉकी स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीडने लहान येतो. घालून सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर सुटला पाहिजे. वाढीसाठी फार तर अर्धा नंबर जास्त. लहान झालेले स्केट्स गटातच खालच्या वयाच्या पोराकडे जाऊ द्या, त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

चाकांचा कडकपणा आकड्यात लिहिलेला असतो. उघड्या खडबडीत काँक्रीटसाठी ८२ए ते ८४ए, गोदामाच्या गुळगुळीत जमिनीसाठी ७४ए ते ७८ए. मऊ चाक बाहेर वापरलं तर त्याचे तुकडे निघू लागतात. कडक चाक आत वापरलं तर वळणावर धरत नाही. दोन्ही ठिकाणी सराव असेल तर चाकांचे दोन संच ठेवा, स्केट एकच. मोठी चाकं लावलेले वेगाच्या शर्यतीचे स्केट्स मिळाले तरी हॉकीला घेऊ नका, त्यावर आखूड वळण बसत नाही.

डोक्यावर जाळीचं हेल्मेट, तोंडात माउथगार्ड, कोपराचे आणि नडगी-गुडघ्याचे पॅड, हातमोजे. यातलं एकही कमी असेल तर त्या दिवशी मैदानात उतरवू नका. क्रिकेटचं हेल्मेट चालेल का, असं विचारतात. नाही, ते समोरून येणाऱ्या चेंडूसाठी आहे, मागे डोकं आपटण्यासाठी नाही. गोलीचं साहित्य सगळ्यात महाग, म्हणून गटाला एक संच पुरे. दुसऱ्या गोलला रिकाम्या पोत्याचा पडदा टांगून दोन्ही खालच्या कोपऱ्यांत खिडक्या कापा.

स्टिकच्या बाबतीत एक चूक सगळीकडे होते. मैदानी हॉकीची स्टिक फक्त उजव्या हाताची असते, त्यामुळे शिक्षक सगळ्यांना तीच पकड देतात. आइस हॉकीत डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या स्टिक असतात. पोराला झाडू द्या आणि अंगण झाडायला सांगा, कोणता हात आपोआप खाली जातो ते बघा. खाली डावा हात गेला तर डावी स्टिक. ज्याचा उजवा हात चांगला चालतो त्याला तोच हात वर ठेवून डावी स्टिक बऱ्याचदा जास्त सोपी जाते, कारण एका हाताने स्टिक सांभाळायची वेळ आली की वरचाच हात काम करतो. लांबी: अनवाणी उभं राहिल्यावर नाकापर्यंत, स्केट्सवर हनुवटीपर्यंत. लवचिकतेचा आकडा, म्हणजे फ्लेक्स, पौंडातल्या वजनाच्या निम्म्याच्या जवळ. ४० किलोचं पोर म्हणजे ८८ पौंड, त्याला ४० ते ४५. मोठ्या माणसाची ८५ फ्लेक्सची स्टिक कापून दिली तर ती आणखी ताठ होते. असलं पोर फटका मारत नाही, नुसतं ढकलतं.

बेअरिंग: धुळे नाव उगाच नाही

चाकं जोडीत ८, प्रत्येकात २ बेअरिंग, म्हणजे १६. सगळी ६०८ नंबरची: आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिलिमीटर. हा नंबर सांगितला की बेअरिंगच्या दुकानात मिळतात. वीस पोरांचे ३२० बेअरिंग एकट्या शिक्षकाने साफ करायचे म्हटलं तर काम होत नाही, म्हणून पहिल्या महिन्यातच प्रत्येकाला आपले आपण साफ करायला शिकवा.

अॅलन कीने अॅक्सल काढा, बहुतेकांना ४ मिलिमीटरची लागते. चाकातून बेअरिंग ढकलून बाहेर घ्या, मधला स्पेसर हरवू नका. बाजूची तारेची रिंग असेल तर टाचणीने उचला आणि झाकण काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बरणीत घालून हलवा, काळं पाणी निघणं थांबेपर्यंत. पाणी नको, गंज चढतो. रॉकेल नको, त्याचा थर राहतो आणि धूळ पुन्हा चिकटते. फडक्यावर पूर्ण वाळवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल घालणारं पोर हमखास असतं. त्याचे बेअरिंग आठवड्यात चिखल होतात. उघड्यावर सराव असेल तर दर तीन आठवड्यांनी, गोदामात असेल तर दोन महिन्यांनी.

चाकं परत लावताना जागा बदला: पहिलं तिसऱ्याच्या, दुसरं चौथ्याच्या जागी, आणि प्रत्येक चाक उलटं करून, म्हणजे झिजलेली आतली कड बाहेर जाते. पुढची दोन चाकं लहान आणि मागची मोठी असा स्केट असेल तर एका पायाची चाकं दुसऱ्या पायाला लावा, मापं मिसळू नका.

पहिले बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ७५ मिनिटं. १० मिनिटं बूट न घालता अंग मोकळं करणं, ५ मिनिटं साहित्य तपासणं, २० स्केटिंग, १५ चेंडू, १५ खेळ, १० शांत होणं. सुरुवातीला चेंडू आणि खेळाची मिनिटंही स्केटिंगलाच जातात. पालक तक्रार करतील की महिना झाला, हातात स्टिक नाही. करू द्या.

पहिले दोन आठवडे चाकं जमिनीला लागूच देऊ नका. चटईवर स्केट्स घालून उभं राहणं, गुडघे इतके वाकवणं की गुडघ्याखाली बोटं झाकली जातील, छाती वर. मग पडणं. पुढे, गुडघ्याच्या पॅडवर, मग कोपरांवर, मुठी बंद. उठताना एक पाय पुढे, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, आणि वर. मागे पडायची सवय लागू देऊ नका. पडलेल्या पोराला हात देऊन उठवायचं नाही, "पडना ना भो? ऊठ" एवढंच म्हणायचं.

तिसरा-चौथा आठवडा ढकलणं आणि एका पायावर तरंगणं. कसोटी अशी: प्रत्येक पायावर पाच आकडे म्हणेपर्यंत सरळ जाता आलं पाहिजे. पोरं मागे ढकलतात, ढकलायचं असतं बाजूला.

पाचवा-सहावा आठवडा फक्त थांबणं. आधी दोन्ही पाय बाहेर फाकवून टाचा पसरत जाणारा नांगर, मग टी-स्टॉप, म्हणजे मागचा पाय आडवा ओढत. टी-स्टॉप सोपा आहे पण एकाच पायाची चाकं सपाट करतो, म्हणून तिथे रेंगाळू नका. पुढे पॉवरस्लाइड: एका पायावर भार ठेवून दुसरा पाय गोल फिरवून समोर आडवा टाकणं. दोन्ही बाजूंनी आलं पाहिजे. एका बाजूने थांबणारा खेळाडू बर्फावर अर्धाच खेळाडू असतो.

सातवा-आठवा आठवडा क्रॉसओव्हर, म्हणजे एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणं. खडूने साडेचार मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, आइस हॉकीच्या फेसऑफ वर्तुळाची (जिथून खेळ सुरू होतो) त्रिज्या तेवढीच. बहुतेक पोरं घड्याळाच्या उलट दिशेने सहज फिरतात आणि सुलट दिशेने अडखळतात. म्हणून सुलट फेऱ्या दुप्पट. नवव्यापासून स्टिक, चेंडू, पास, आणि तीन विरुद्ध तीन. चेंडूकडे बघत स्केटिंग करणाऱ्याला समोर उभे राहून बोटं दाखवा आणि किती ते ओरडून सांगायला लावा.

दमसास मैदानावर गोल गोल पळवून वाढत नाही. आइस हॉकीत खेळाडू ४०-४५ सेकंद जीव तोडून खेळतो आणि बाकावर येतो. म्हणून ४० सेकंद पूर्ण वेग, २ मिनिटं विश्रांती, असे आठ फेरे. नंतर मीठ-साखर घातलेलं पाणी किंवा ताक.

चाकं जे शिकवत नाहीत

इनलाइनहून बर्फावर गेलेला खेळाडू लांबून ओळखू येतो. तो थांबत नाही, मोठा वळसा घेऊन परत येतो. बर्फाच्या पात्याला दोन कडा असतात, मध्ये खोलगट घळ. कड बर्फात घुसवून आडवं सरकत थांबणं हाच हॉकी स्टॉप, आणि चाकाला कडच नसते. याची भरपाई पूर्ण होत नाही, पण थोडी होते. आठ बाय चार फुटांची सनमायकाची शीट उभी कापून दोन पट्ट्या करा. सपाट प्लायवर चिकटवा, दोन्ही टोकांना लाकडी पट्टी ठोका, आतलं अंतर पावणेदोन-दोन मीटर. फर्निचर पॉलिश मारा, बुटांवर लोकरी मोजे चढवा आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ढकलत सरका. ३० सेकंदांचे सहा फेरे. बाजूला ढकलण्याची ताकद आणि कमरेचा खालचा बाक इथे तयार होतो.

दुसरा फरक नियमांचा. इनलाइनमध्ये गोली सोडून चार खेळाडू, आइस हॉकीत पाच. इनलाइनला निळ्या रेषांचा ऑफसाइड नाही, त्यामुळे आपली पोरं पकच्या आधी समोरच्या भागात जाऊन उभी राहतात आणि बर्फावर शिट्टीमागून शिट्टी खातात. म्हणून पहिल्या दिवसापासून रेषा आखा. खऱ्या रिंकमध्ये निळी रेष टोकाच्या बोर्डपासून २२.८६ मीटरवर असते. त्याच प्रमाणात २८ मीटरच्या मैदानावर दोन्ही टोकांपासून साधारण १०.७ मीटरवर निळा पट्टा ओढा, मधला भाग साडेसहा मीटर उरतो. पक रेषा ओलांडेपर्यंत कोणी आत नाही. छोटा दंड २ मिनिटं बाहेर, मोठा ५, हेही सरावातच लावा.

कागदपत्रं आणि दरवाजे

दोन वेगळ्या संघटना आहेत आणि पालक त्यात गोंधळतात. इनलाइन हॉकी रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाकडे, जिल्हा आणि राज्य संघटनांमार्फत. बर्फावरची हॉकी आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडियाकडे. एकीकडचं प्रमाणपत्र दुसरीकडच्या निवडीत धरलं जात नाही, पण इनलाइनच्या राज्य स्पर्धा हीच खानदेशातल्या पोराला नियमित सामने मिळण्याची जागा आहे. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे का, ते वयाच्या तेराव्या वर्षीच तपासा. भारतीय संघासाठी भारतीय पासपोर्टच लागतो आणि तो नावातल्या एका वेलांटीवर अडतो.

लेहला पहिल्यांदा जाताना

भुसावळ किंवा जळगावहून रेल्वेने दिल्ली, तिथून विमानाने लेह. हिवाळ्यात रस्त्याच्या भरवशावर राहू नका. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. उतरल्यावर पूर्ण ४८ तास पळणं नाही, स्केटिंग नाही, जिना सावकाश. डोकं दुखणं आणि उलटी यांकडे "प्रवासाचा शीण" म्हणून दुर्लक्ष करू नका, डॉक्टरकडे न्या. औषधं आधीच आपल्या मनाने सुरू करू नका.

तिथला नैसर्गिक बर्फ मॉलमधल्या छोट्या रिंकपेक्षा खूप थंड आणि कडक असतो. कडक बर्फावर पात्याची घळ उथळ असेल तर कड धरत नाही. लहान वजनाच्या पोराला अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची, म्हणजे जास्त खोल घळीची, धार घ्या, पाच-अष्टमांश इंचाची नको. धार लावायचं यंत्र खानदेशात शोधत बसू नका, दिल्लीत किंवा लेहमध्ये लावून घ्या आणि सोबत हाताने फिरवायचा छोटा दगड ठेवा. स्केट्समध्ये एकच पातळ मोजा. थंडी म्हणून दोन जाड मोजे घातले की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. पहिले तीन दिवस सामना खेळवू नका, फक्त हॉकी स्टॉप, दोन्ही बाजूंनी.

पाती काँक्रीटवर किंवा खडीवर एक पाऊलसुद्धा टेकवायची नाहीत, बर्फाच्या कडेपर्यंत प्लास्टिकचं कव्हर चढवूनच चालायचं. पण परतीला बॅग भरताना तेच कव्हर काढा. आत अडकलेलं पाणी भुसावळ येईपर्यंत पात्याला तांबूस डाग पाडतं. पाती कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा, सुती कापडात गुंडाळा, आणि बूट घरी पोचल्यावर उन्हात नाही, पंख्याखाली वाळवा.